हिरव्या चौकटीबाहेरचे गास

१/ वसईच्या पश्चिम पट्ट्याचे एक छायाचित्र वर्षानुवर्षे समाजमाध्यमांवर फिरते आहे. काढणारा दरवेळी निराळा असतो, चित्र मात्र तेच असते. केळीची रांग, पहाटेचे धुके, पाण्यात उतरलेले माडांचे प्रतिबिंब, जमल्यास एखादा बगळा. माणूस दिसत नाही, विजेचा खांब दिसत नाही. खाली ‘हरित वसई’ किंवा ‘मुंबईजवळचे कोकण’ अशी एक ओळ. गाव कोणते, तारीख कोणती आणि मुख्य म्हणजे ते पाणी कसले, याचा उल्लेख नसतो. हा धागा त्या छायाचित्राच्या विरोधात आहे.

२/ हे छायाचित्र काढणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. नष्ट होत चाललेले काही जपावे, लोकांना त्याची ओढ लागावी, हीच त्यामागची भावना. निसर्गछायाचित्रण म्हणजे पर्यावरणाच्या ऱ्हासाला दिलेले उत्तर, असे आता सर्रास म्हटले जाते. गासच्या बाबतीत मात्र हे उत्तर चुकीच्या प्रश्नाला दिले गेले आहे. ज्याला हे छायाचित्र ‘निसर्ग’ म्हणते, तो इथे माणसाने कुदळ-फावड्याने घडवला आहे. आणि तो कोणी घडवला हे चौकटीतून गाळले, की त्याचा बचाव कोणत्या आधारावर करायचा तेही गळून जाते.

३/ आधी जागा समजून घेऊ. गास हे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेचे गाव, आज वसई-विरार महापालिकेच्या हद्दीतले. एका बाजूला बागायती गावांचा सलग पट्टा: वाड्या, विहिरी, जुनी कौलारू घरे आणि गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे चर्च. (गोन्सालो मूळचे वसईचे, १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मारण्यात आले.) दुसऱ्या बाजूला जमीन खाली उतरते आणि खाजण सुरू होते. त्या सखल भागातून सनसिटी-गास रस्ता वसईकडे जातो. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो, ही बातमी स्थानिक वाचकाला आता बातमीही वाटत नाही.

४/ हे पाणी परके नाही. जुन्या काळी वसई बेटच होते. सोपाऱ्याची खाडी त्याला मुख्य भूमीपासून वेगळे करीत असे. खाडी गाळाने भरत गेली, बंदर मागे पडले, शूर्पारकाचे सोपारा झाले. जमिनीची उंची मात्र कोणी बदलली नव्हती. ती बदलण्याचे काम डंपरने केले, तेही गेल्या काही दशकांत.

५/ इतिहासाच्या वाचकाला सोपारा ठाऊक असते ते अशोकामुळे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला, आणि त्याच वर्षी आठव्या शिलालेखाचा तुकडा हाती आला. तो सापडला भातेला तलावाजवळ. नवव्या लेखाचा तुकडा मिळाला १९५६ मध्ये, गासच्या शेजारच्या भुईगावात. पहिला तळ्याकाठी, दुसरा समुद्राच्या बाजूला. या प्रदेशाचा सर्वांत जुना लिखित पुरावा पाण्याच्या काठावर मिळाला, ही गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे.

६/ भगवानलालांचे मोठेपण केवळ सापडलेल्या वस्तूंत नाही. कोणती वस्तू कुठे होती, कोणत्या पेटीत कोणती पेटी होती, शेजारी काय पडले होते, हे त्यांनी मोजून लिहून ठेवले. स्तूपात मिळालेले सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे नाणे म्हणूनच पुरावा ठरले. तेच नाणे एखाद्या संग्राहकाच्या कपाटातून, कुठून आले हे न कळता पुढे आले असते, तर ते नुसतेच सुंदर चांदीचे नाणे राहिले असते. ‘हरित वसई’चे छायाचित्र हे असे कपाटातले नाणे आहे.

७/ आता बावखल. वसईबाहेरच्या वाचकाला हा शब्द कदाचित नवा असेल, आणि त्या धुक्यातल्या छायाचित्रातले पाणी बहुतेक वेळा याच शब्दाचे असते. बावखल म्हणजे वाडीत किंवा वाडीच्या कडेला खणलेले गोड्या पाण्याचे कुंड. विहिरीपेक्षा बरेच पसरट, तलावापेक्षा लहान. खणताना निघालेली माती घराच्या जोत्याला आणि वाडीच्या भरणीला उपयोगी पडे. पावसाचे पाणी त्यात साठे, सावकाश मुरे, आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवी. उन्हाळ्यात पाणी ओढून केळी, पानवेल, फुलझाडे, भाजीपाला शिंपला जाई. काठावर उंबर-भोकरासारखी झाडे, पाण्यात मासे आणि बेडूक.

८/ त्याचे खरे महत्त्व जमिनीखाली आहे. समुद्र आणि खाडी दोन्ही जवळ असलेल्या भूमीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. वरून गोडे पाणी मुरत राहिले, तर त्याचा दाब खाऱ्याला खाली आणि दूर ठेवतो. मुरणे थांबले आणि उपसा वाढला, की खारे पाणी आत सरकते, आणि विहीर एकदा मचूळ झाली की तिला पुन्हा गोडी आणणे फार अवघड. बावखल हा त्या दाबाचा एक खुंटा. एक बुजवले तर काही बिघडत नाही असे वाटते, आणि नेमके म्हणूनच एकामागून एक बुजवली गेली.

९/ यात ‘अस्पर्श’ काही नाही. सामवेदी, वाडवळ, आगरी आणि इतर कित्येक समाजांच्या पिढ्यांनी खणलेले, गाळ काढलेले, बांध घातलेले हे पाणी. रहाट फिरवणारा बैल किंवा रेडा, त्यामागे चालणारा पोरगा, पाटाचे तोंड बदलणारी बाई, या सर्वांना वगळून उरलेल्या हिरव्याला ‘निसर्गाचे वरदान’ म्हणणे म्हणजे मंदिराचे छायाचित्र काढून पाथरवटाला स्वयंभू ठरवून टाकण्यासारखे आहे.

१०/ कोणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? कारण कायदा शब्दांवर चालतो. केंद्र सरकारचे पाणथळ जागांविषयीचे २०१७ चे नियम पाहावेत. पाणथळ जागेच्या व्याख्येतून त्यांनी भातखाचरे वगळली. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले मानवनिर्मित जलसाठे वगळले. मत्स्यशेती, मीठ-उत्पादन, करमणूक आणि सिंचन यांसाठी मुद्दाम केलेल्या रचनाही वगळल्या. गासच्या परिसरात उभे राहून ही यादी वाचली की काय उरते? भातखाचर गेले. मिठागर गेले. बावखल सिंचनासाठी खणलेले, म्हणून तेही सहज बाहेर ढकलता येते. ज्या भूमीत पाणी धरणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट माणसाने केलेली आहे, तिथे माणसाने केलेले ते पाणथळ नव्हे, असा हा न्याय.

११/ इथे छायाचित्र आणि नियम एकाच डोळ्याने पाहतात. दोघांनाही माणसाचा हात नकोसा वाटतो. दोघांनाही शुद्ध निसर्ग हवा. फरक एवढाच, की नियमाला आव्हान देता येते आणि छायाचित्राला लोक पसंतीची खूण देऊन पुढे सरकतात.

१२/ हा डोळा आला कुठून? मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. हिंदुस्थानातील ती पहिलीच. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारिणीत होते, ही बाब मराठी वाचकाला अभिमानास्पद वाटावी. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज यांना छायाचित्रणाच्या कामी नेमले. त्यांच्याकडे विषय होते विजापूर, बदामी, ऐहोळे. या इलाख्यातल्या सरकारी कॅमेऱ्याने आरंभापासून दगड पाहिला: लेणे, मंदिर, मशीद, किल्ला. बांध, उघाडी, कुंड, मिठाचे वाफे हे ‘वास्तू’ ठरले नाहीत. वसईच्या किल्ल्यापुढे आजही कॅमेऱ्यांची रांग लागते आणि मिठागराकडे पाठ असते, त्यामागे पावणेदोनशे वर्षांची ही सवय आहे.

१३/ दुसरा वारसा अमेरिकेचा. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये योसेमिटी खोऱ्याची प्रचंड आकाराची छायाचित्रे घेतली. त्यांची कीर्ती पूर्वेकडच्या शहरांपर्यंत पोहोचली, आणि ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी ते खोरे राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. विल्यम हेन्री जॅक्सन १८७१ मध्ये यलोस्टोनच्या पाहणीबरोबर गेले. मार्च १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले. छायाचित्राने भूमी वाचवली, असे सांगताना ही दोन उदाहरणे हमखास दिली जातात.

१४/ त्यातली न सांगितलेली गोष्ट अशी. वॉटकिन्स पोहोचण्याच्या दहा वर्षे आधी, १८५१ मध्ये, सशस्त्र तुकडीने त्या खोऱ्यात शिरून तिथल्या अहवाहनीची लोकांना हुसकावले होते. छायाचित्रातले ते मोकळे, देखणे कुरण त्याच लोकांनी ठरावीक काळाने आगी लावून, झुडपे हटवून राखलेले होते. ते गेले, आगी थांबल्या, आणि कुरणावर झाडी चढू लागली. राखणारा चौकटीबाहेर गेला, की राखलेलेही टिकत नाही.

१५/ विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट उदाहरण लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. टास्मानियात पेडर सरोवर १९७२ मध्ये धरणाखाली बुडाले. त्याची नितांतसुंदर छायाचित्रे ते वाचवू शकली नाहीत. पुढे फ्रँकलिन नदीवर धरणाचा घाट घातला गेला. पीटर डोंब्रोव्स्किस यांनी १९७९ मध्ये तिच्या एका वळणाचे छायाचित्र घेतले: धुके, खडक, संथ काळे पाणी आणि निर्मनुष्य काठ. १९८३ च्या निवडणुकीत ते वृत्तपत्रांत पानभर रंगीत छापले गेले. सरकार बदलले, त्या वर्षी १ जुलै रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने धरण रोखणारा निर्णय दिला, नदी वाहती राहिली.

१६/ म्हणजे सुंदर, निर्मनुष्य छायाचित्र जिंकते तर! जिंकते, पण कसे ते पाहावे. त्या जाहिरातीत नदीचे नाव होते, धोका कोणता ते होते, आणि मतदानाच्या तोंडावर मतदारालाच थेट विचारलेला प्रश्न होता. मागे नाकेबंदी करून तुरुंगात गेलेली माणसे होती. ‘हरित वसई’च्या छायाचित्राखाली यांपैकी काय असते? उलट जागेचे नाव नसल्यामुळे ते कोणाच्याही कामी येते. निसर्गाच्या सान्निध्यात घर विकणाऱ्या जाहिरातीलाही अगदी असेच चित्र हवे असते, आणि घरे बांधण्यासाठी जो भराव टाकायचा तो त्यात दिसत नसतो.

१७/ याला पर्याय जगात पन्नास वर्षांपूर्वीच पुढे आला. १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे एक प्रदर्शन भरले. विषय होता माणसाने बदललेला भूप्रदेश. रॉबर्ट अ‍ॅडम्स, लुइस बॉल्ट्झ, बेशर दांपत्य आदींनी शिखरे आणि धबधबे बाजूला ठेवून नव्या वसाहती, गोदामे, वाहनतळ, कारखाने निर्विकारपणे टिपले. पुष्कळांना ती छायाचित्रे कंटाळवाणी वाटली. १९७७ पासून मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक काम हाती घेतले: जॅक्सनसारख्यांनी शंभर वर्षांपूर्वी जिथे तिपाई रोवली होती ती नेमकी जागा शोधायची, तोच कोन, शक्यतो त्याच ऋतूतला तोच प्रहर धरायचा आणि पुन्हा छायाचित्र घ्यायचे. दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की बोलावे लागत नाही.

१८/ वसईला स्वतःचा लढा आहे. १९८० च्या दशकात वाढत्या वसाहतींसाठी इथल्या विहिरींचे पाणी टँकरने वाहून नेले जाऊ लागले; पुढे या भागाच्या नियोजनाचा अधिकार सिडकोकडे गेला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध लोकांना उभे केले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे दिब्रिटो मराठी वाचकांना परिचित आहेत. त्यांचे नाव पाण्याच्या आणि वाळूच्या प्रश्नांशी जोडलेले आहे, हे तरुण वाचकांपैकी किती जणांना माहीत असेल, कोण जाणे. त्या चळवळीत ‘हरित’ शब्दाचा अर्थ होता पाणी कोणाचे आणि जमीन कशासाठी. आज त्याच शब्दाचा अर्थ झाला आहे छायाचित्राची रंगछटा.

१९/ जुलै २०१८ मध्ये वसई-विरार बुडाले. मिठागरात अडकलेल्या लोकांपर्यंत होड्या न्याव्या लागल्या, कित्येक भागांत दिवसचे दिवस वीज नव्हती. पुराची कारणे शोधण्याचे काम ‘निरी’ आणि मुंबईच्या आयआयटीकडे सोपवले गेले. सुचवलेल्या उपायांत एक होता धारण तलाव, म्हणजे पावसाचे जादा पाणी काही काळ धरून ठेवणारी कुंडे. वाडीतल्या कोणत्याही आजोबांनी हे वाचले असते तर एवढेच विचारले असते, की बावखले बुजवू देताना हे तज्ज्ञ कुठे होते.

२०/ मग कोणते छायाचित्र हवे? तिवरांचे उदाहरण उद्बोधक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवने तोडण्यावर बंदी घातली आणि उपग्रहचित्रांवरून त्यांचे नकाशे करण्यास सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ते संरक्षण पक्के केले. तिवरांना आधार मिळाला तो वरून घेतलेल्या, दिनांक आणि ठिकाण असलेल्या चित्रांचा. बावखलाची अडचण इथेच आहे. ते लहान असते आणि माडा-उंबरांच्या सावलीत असते. उपग्रहाला ते नीट दिसत नाही. ते दिसते फक्त वाडीत उभ्या असलेल्या माणसाला.

२१/ भराव पडतो तो बहुधा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी. तक्रार झाली की पहिला प्रश्न येतो: इथे पाणी होते, याला पुरावा काय? त्या वेळी धुक्याचे चित्र निरुपयोगी असते. संस्कारित रंग, कापलेली चौकट, मूळ फाइलमधली तारीख-वेळेची नोंद पुसलेली. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. ज्याने मूळ फाइलच जपली नाही, तो काय देणार?

२२/ जुना पुरावा मात्र घराघरांत पडून आहे. पश्चिम पट्ट्यातल्या कुटुंबांचे अल्बम उघडावेत. लग्नातले समूहचित्र, पहिल्या कम्युनियनचे पांढऱ्या कपड्यांतले मूल, गणपतीला आलेली मामेभावंडे. छायाचित्रकाराने माणसांवर लक्ष ठेवले, आणि मागे नकळत बावखल आले, रहाट आला, खाजणाची कड आली. मागच्या बाजूला बहुधा सालही लिहिलेले असते. या प्रदेशाचे सर्वांत प्रामाणिक भूदृश्य-छायाचित्रण या अल्बमांत आहे, आणि ते करणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती. माणसे गाळली नाहीत म्हणून पाणी टिपले गेले.

२३/ ज्यांना इतिहासाची आवड आहे आणि हातात चांगला कॅमेरा आहे, त्यांच्यासाठी काम हेच. घरमालकांच्या संमतीने ती जुनी छायाचित्रे शोधावीत, कोणत्या ओसरीवरून काढली ते विचारावे आणि तिथेच उभे राहून पुन्हा काढावीत. मागे इमारत आली तर येऊ द्यावी. पाणी जलपर्णीने भरले असेल, काठावर प्लास्टिक असेल, तर तेही येऊ द्यावे. साफ केलेले, जिवंत बावखल असेल तर गाळ काढणारी माणसे चौकटीत घ्यावीत.

२४/ एक आक्षेप रास्त आहे: ठिकाण जाहीर केले की गर्दी येते, घरट्यांना धोका होतो. खरे आहे. पक्ष्याच्या घरट्याचा पत्ता कधीच देऊ नये. पण घरट्याची गुप्तता हा भरावाच्या जागेचा पत्ता लपवण्याचा बहाणा होऊ नये. काही पक्षीछायाचित्रकार खाजणाच्या कडेला तासन्‌तास बसतात, बगळ्याच्या चोचीतला मासा अचूक टिपतात, आणि पाठीमागे उतरणाऱ्या डंपरकडे एकदाही लेन्स वळवत नाहीत. ही कलेची मर्यादा म्हणता येणार नाही. ही निवड आहे.

२५/ सनसिटी-गास रस्त्यावरची कोणतीही एक मोरी निवडावी. कठड्याला खूण करावी. वैशाखात एकदा, आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला एकदा, ओहोटीला एकदा, मार्गशीर्षात एकदा, त्याच उंचीवरून, क्षितिजावरच्या इमारती न कापता छायाचित्र घ्यावे. मूळ फाइल जपावी. खाली लिहावे: गास, दिशा अमुक, दिनांक, वेळ, भरती की ओहोटी, पाणी गोडे की खारे, जमीन कोणाच्या वापरात. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच यावे.